दर्यास्वामींचा जागृत फोन

इस्त्रीवाल्याच्या दुकानावरचा हॉल तसा ऐसपैस. पण त्या दिवशी तिथे माणसं अशी कोंबली होती की एकाला शिंक आली तर रुमाल चौथ्याने काढावा. खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं, जिन्यात माणसं, पंख्याला लटकता येत नाही म्हणूनच काय ती वर माणसं नव्हती. जो तो पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून एकाच दिशेला टक लावून होता. तिकडे टेबलावर रेशमी रुमालाखाली एक मोबाइल झाकून ठेवला होता.

"डोळे मिटा," दर्यास्वामी म्हणाले.

सगळ्या हॉलने डोळे मिटले. बाईंनी तेवढे उघडे ठेवले. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि अख्खी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. कुणी डोळे मिटा म्हटलं की त्यांचे आणखी मोठे व्हायचे. हा स्वभावदोष लहानपणापासूनचा, औषध नाही.

दर्यास्वामींचे बूट पांढरे, कोट पांढरा, दातही संशय यावा इतके पांढरे. समुद्राचं नाव घेतल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे, पण त्या समुद्रात स्वामींची करंगळी तरी कधी भिजली होती का, हे समुद्रालाच ठाऊक. डाव्या काखेत एक तपकिरी चामडी पिशवी. जेवताना, बोलताना, आशीर्वाद देतानाही ती खाली ठेवत नसत. आईने तान्हं पोरही इतकं सांभाळलं नसेल.

"दुकानात मिळतो तो नुसता डबा," स्वामी सांगत होते. "हा सातासमुद्रापलीकडे जन्मला! तिकडची हवा, तिकडचे संस्कार! याला तुम्ही निवडत नाही, हा तुम्हाला निवडतो. कुणी मला विचारतं, स्वामी, पावती? अरे, आईच्या मायेची पावती मागता का रे तुम्ही? कुणी विचारतं, खोकं? आत्म्याला खोकं असतं का? वॉरंटी विचारतात! श्रद्धा हीच वॉरंटी!"

"वा!" जिन्यातून आवाज आला. तिथे ऐकू काही येत नव्हतं, पण दाद द्यायला ऐकावंच लागतं असं कुठे आहे?

"हा कुणाचा?"

"माझा, स्वामी," पहिल्या रांगेतून एक थकलेला आवाज आला. तो बाईंचा दादा होता.

स्वामींनी रुमालावर तळहात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि रुमाल झटक्यात ओढला. फोन लखलखला. पडद्यावर काळा गॉगल लावलेली एक बाई, मागे निळाशार समुद्र. ती हात हलवत होती.

"आमची तिकडची शिष्या! हजारो कोसांवरून! बघा, जागा झाला!"

हॉलमधून असा 'आहाहा' उठला की खाली इस्त्रीवाल्याच्या निखाऱ्यांवरची राख उडाली म्हणतात. दादाने फोन कपाळाला लावला.

आता हा दादा कोण, ते सांगायला हवं. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. कोपऱ्यावरचं कपाटाएवढं दुकान, डोळ्याला भिंग, चिमट्याच्या टोकावर केसाहून बारीक स्प्रिंग. त्याने हात लावलेलं घड्याळ सूर्यालाच वेळेवर यायला लावी, असं लोक म्हणत. मग डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला आणि बुबुळांवर पांढरट धूर चढला. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्याने माणूस आहे की खांब आहे एवढं कळे. डॉक्टर म्हणाले होते, "कुणाचं तरी दान केलेलं बुबुळ मिळालं की बसवू. फोन करू. दुपारपर्यंत पोचायचं. फोन उचलला नाही, तर थांबता येत नाही हो, पुढच्याला बोलवावं लागतं."

म्हणजे त्या घरातली सगळी आशा एका नंबरवर टांगलेली. आणि तो नंबर, तुम्ही ओळखलं असेलच, दादाने नेमका या सातासमुद्रवाल्यात घातला होता.

"का रे, का?" घरी आल्यावर बाईंनी कपाळावर हात मारला. "तुझा बटणांचा फोन चांगला वाजत होता की!"

"स्वामी म्हणाले, या फोनवर पहिली घंटा वाजते ती शुभवार्तेचीच. मग बुबुळाचा फोन यायचाय त्याच नंबराला नको का हा मान?"

"पण वाजतोय कुठे तो? हॉलमधून घरी आणला की मेला!"

"मेला काय म्हणतेस गं, धाकटे! झोपलाय." दादाने फोन गोंजारला. "मी आयुष्यभर घड्याळं केली. काही माणसांच्या मनगटावर घड्याळ चालतच नाही. माझ्या टेबलावर टिकटिक करतं, त्यांच्या हातावर बंद. अंगाची गरमी असते एकेकाच्या. तसंच हे. स्वामींच्या हाताला मानवतो, माझ्या हाताला अजून मानवला नाही. होईल ओळख."

"ती घड्याळं घामाने बंद पडतात, दादा. नाहीतर माणूस भिंतीवर हात आपटत चालतो म्हणून!"

"आता तू मला घड्याळ शिकवणार?"

इथे वाद संपला. घड्याळाच्या बाबतीत दादापुढे बोलणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, आणि दादाने त्याच ज्ञानाची दोरी वळून स्वतःला बांधून घेतलं होतं. अडाणी माणसाला चार गोष्टी समजावता येतात. जाणकाराचा गैरसमज मात्र पक्क्या सिमेंटचा असतो.

वहिनीचं तर आणखी पुढचं. फोनच्या पडद्यावर सारखी एक परक्या लिपीतली ओळ उमटायची. स्वामींनी सांगितलं होतं, हा त्याचा मूळ मंत्र. वहिनीने ती ओळ बघून बघून उशीच्या अभ्र्यावर लाल दोऱ्याने भरली होती. तीन शेजारणींनी नमुना नेला होता.

"सिम काढून जुन्या फोनमध्ये घालू या, वहिनी. एक मिनिटाचं काम."

"अहो बाई, नको!" वहिनी अशी दचकली जणू नणंद दादाचंच काही कापून काढायला निघालीय. "स्वामी म्हणाले, सिम काढलं तर त्याची समाधी मोडते. मग तो कुणाचाच होत नाही. आणि तेवढ्यात शुभवार्ता येऊन परत गेली तर?"

"पण बंद फोनवर ती येणार कशी?"

"श्रद्धेला वायर लागते का हो?"

बाईंनी भिंतीकडे बघितलं. भिंत समजूतदार होती, उलट बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्ध्या रजेवर बाई डोळ्यांच्या रुग्णालयात गेल्या. खिडकीत एक चष्मेवाली कर्मचारी बसली होती.

"माझ्या भावाच्या नावापुढे माझा नंबर लिहा. त्याचा लागत नाही."

"लगेच! जुन्या नंबरवर एक आकडा येईल, तो सांगा."

"जुना नंबर लागत नाही, म्हणून तर आले."

"हो, पण बदलायचा तर आकडा जुन्यावरच जातो. सुरक्षेसाठी."

"अहो, जुन्यावर आकडा येत असता तर नंबर बदलायला कशाला आले असते मी?"

चष्मेवालीने चष्मा वर सरकवला. तिलाही ते पटत होतं, हीच तर वैतागाची गोष्ट. "खरं आहे, ताई. मग पेशंटना घेऊन या. ते स्वतः आले की लगेच बदलते. तोवर कागदावर तुमचा नंबर टाचून ठेवते. पण फोन कॉम्प्युटर लावतो, आणि तो कागद वाचत नाही."

दादाला घेऊन जायचं म्हणताच दादाने पाय रोवले. "स्वामींवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल ते." त्याला उचलून न्यावं, तर माणूस दोन पोत्यांचा. फोन हिसकावावा, तर तो गळ्यात, सदऱ्याच्या आत, छातीशी. आणि आंधळा होत चाललेल्या भावाच्या छातीवर झडप घालायला बाईंचा हात धजेना. शेवटी त्या गप्प बसल्या आणि बघू लागल्या. विज्ञान शिकवणाऱ्याला रागाच्या भरात करण्यासारखं तेवढंच एक शहाणपणाचं काम असतं.

दोन दिवसांनी स्वामी दादाच्या दुकानात पायधूळ झाडायला आले. आले तसा दादाचा फोन छातीवर गुणगुणला आणि दादाने तो कौतुकाने बाहेर काढून धरला. बाईंनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नजर लावली. तिथे दोन खुणा असतात, सगळ्यांच्याच फोनवर. एक शिडीसारखी, ती कंपनीच्या टॉवरची. दुसरी उलट्या पंख्यासारखी, ती वायफायची. दादाच्या फोनवर पंखा टवटवीत होता आणि शिडीवर फुली होती.

स्वामी गेले. दुकानाच्या पायऱ्या उतरले, रस्ता ओलांडला, इस्त्रीवाल्याशी बोलत उभे राहिले. तोवर पंखा एकेक पाकळी मिटत गेला. ते वळणावरून नाहीसे झाले आणि पंखा विझला. फुलीवाली शिडी होती तशीच उभी.

बाईंनी आपल्या साध्या फोनचा कॅमेरा वहिनीच्या उशीवर धरला. आजकाल तो कॅमेरा परकी अक्षरं आपल्या भाषेत करून देतो. लाल दोऱ्याने भरलेला मंत्र पडद्यावर मराठीत उमटला : 'आपले सिम अमान्य आहे. हा फोन फक्त आमच्या कंपनीच्या सिमवर चालेल.'

बाई हसल्या नाहीत. हसू येण्याच्या पलीकडे गेलं होतं. तिकडच्या कुठल्या तरी कंपनीने ग्राहकाला हप्त्याने दिलेला, तिच्या कुलपातला फोन. फिरत फिरत इथे आलेला. आणि ज्या उशीवर दादा आशेने डोकं टेकवत होता, तिच्यावर 'सिम अमान्य' भरलेलं.

"बघ, वाच," त्या दादापुढे फोन नाचवत म्हणाल्या, आणि मग त्याला वाचता येत नाही हे आठवून त्यांनाच रडू फुटलं.

दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मशीनने केलेलं भाषांतर. मंत्राचा अर्थ मशीनला काय कळणार?"

"दादा!"

"ओरडू नकोस. ऐक. उद्या हॉलमध्ये स्वामी आहेत. सगळ्यांसमोर दाखव मला की गुण त्यांच्या हातात नाही. मी स्वतःच्या हाताने सिम काढीन. नाही दाखवलंस, तर पुन्हा हा विषय नाही."

"आणि उद्यापर्यंत फोन आला तर?"

दादाने फोन सदऱ्याच्या आणखी आत सरकवला.

दुसऱ्या दिवशी हॉल तसाच तुडुंब. रुमाल, पुटपुट, झटका. फोन लखलखला, शिष्या हात हलवू लागली. बाई उठल्या.

"स्वामी, एक विनंती आहे. मी माझ्या या फोनवरून दादाच्या नंबरावर साधा फोन लावते. वाजला तर तुमच्या पाया पडते."

नंबर लावला. आवाज मोठा केला. 'आपण डायल केलेला क्रमांक सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे,' त्यातली बाई सगळ्या हॉलला गोड आवाजात सांगू लागली. आणि समोर टेबलावर तोच फोन, शिष्येसकट, लखलखत होता.

क्षणभर कुजबुज झाली. पण स्वामी मुरलेले.

"अरेरे! शंकेखोर माणूस आला की तो कान मिटून घेतो. डोळे उघडे आहेत बघा, कान बंद. लाजाळूचं झाड आहे हे!"

"वा!" पुन्हा जिन्यातून.

"बाई, तुम्ही बाहेर जा ना जरा," इस्त्रीवाला कळकळीने म्हणाला. "तुमच्यामुळे अडतंय."

इतका राग बाईंना उभ्या जन्मात आला नव्हता. सातवीच्या वर्गात रोज येतो तो राग याच्यापुढे लिंबूटिंबू. पण त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "जाते. पण आधी एवढंच सांगा, गुण कशात आहे? स्वामींच्या हातात की पिशवीत?"

"हातात!" हॉल गरजला.

"मग फोन टेबलावर राहू द्या. स्वामींचा हात त्यावर राहू द्या. पिशवी तेवढी खाली रस्त्यावर नेऊ. हातात गुण असेल तर पिशवी गेल्याने काय बिघडतंय?"

"पिशवीत गुरूंची खूण आहे," स्वामी घाईने म्हणाले. "ती मी कुणाच्या हाती…"

आणि इथे खरी मौज झाली. स्वामींना शंकेखोरांनी नाही, भक्तांनी बुडवलं. वहिनी पुढे आली, डोळे भरून हात जोडून म्हणाली, "होऊ द्या की, स्वामी! आमच्या बाईंचं तोंड एकदाचं बंद होईल. आम्ही नेतो पिशवी, फुलासारखी नेतो!" आणि गुरूंच्या खुणेला हात लावायची संधी म्हटल्यावर मंडळी अशी तुटून पडली की स्वामींच्या काखेतून ती कधी निसटली ते काखेलाही कळलं नाही. पिशवी डोक्यांवरून निघाली. जो तो तिला कपाळ लावून पुढे देई. हॉलच्या दारातून, जिन्यातून, इस्त्रीच्या टेबलावरून, रस्त्यावर.

स्वामींचा तळहात फोनवर दाबलेला. पिशवी जिन्यात पोचली तशी समुद्रावरची शिष्या अडखळू लागली. रस्त्यावर पोचली तेव्हा ती हात वर, तोंड उघडं, अशी थिजली. इस्त्रीवाल्याने भक्तीच्या भरात ती पार कोपऱ्यापर्यंत नेली, आणि पडदा काळा झाला.

"हात दाबा, स्वामी," कुणीतरी सुचवलं.

स्वामींनी दाबला. दोन्ही हातांनी दाबला. कपाळ टेकलं. काही नाही.

"आता पिशवी वर आणा," बाई म्हणाल्या. "आणि स्वामींना जरा त्या खिडकीशी उभं करा. हात लांब."

पिशवी तशीच डोक्यांवरून परत आली आणि टेबलावर बसली. कुणीही हात न लावता फोन उजळला आणि वाजू लागला. बाईंनी उचलला. गॉगलवाली शिष्या, आणि स्वच्छ मराठी :

"मामा, मध्येच का बंद करता हो? तिकडे गॅसवर दूध ठेवलंय मी! अजून किती वेळ हात हलवू?" एवढ्यात तिचा धक्का लागला असावा, कारण मागचा समुद्र खिळ्यासकट खाली पडला आणि मागे फडताळावर ओळीने डबे दिसू लागले.

बाईंनी पिशवी उघडली. आत साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी, तिच्यावर लुकलुकणारा हिरवा ठिपका, शेजारी बॅटरी.

"हा गुण," बाई म्हणाल्या. "याला हॉटस्पॉट म्हणतात. यात सिम आहे, आणि ते इथलंच, तुमच्या-आमच्यासारखं. ही डबी आसपास दहा-पंधरा पावलांत वायफाय पसरते. तेवढ्यात इंटरनेट चालतं, व्हिडिओ दिसतो. विकतानाच स्वामी प्रत्येक फोनमध्ये याचा पासवर्ड भरून ठेवतात. स्वामी आले की डबी आली, फोन जागा. स्वामी गेले की डबी गेली, फोन झोपला. पण नंबर लावला की वाजायला टॉवर लागतो, आणि टॉवरशी या फोनचं बोलणंच नाही. त्याला परक्या कंपनीचं कुलूप आहे. तुम्ही ज्याला मंत्र म्हणता, त्यात तेच लिहिलंय : आपले सिम अमान्य आहे."

वहिनी खाली बसली.

स्वामी मात्र उभे होते. "यंत्र हे निमित्त!" त्यांनी शेवटचा बाण सोडला. "शक्ती कशातून तरी वाहायला हवी ना!"

आणि, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, चार-पाच माना हलल्या. "तेही खरंच," एक जण म्हणाला. दुसरा पुढे येऊन हळूच विचारू लागला, "स्वामी, मग ही डबीच केवढ्याला?"

बाईंना वाटलं, आपण स्वतःच रुमालाखाली जाऊन झोपावं. पण त्या गडबडीत स्वामी मागच्या जिन्याने उतरले ते उतरलेच. पांढरे बूट धावताना आवाज करत नाहीत, ही त्यांची एक तेवढी सिद्धी खरी.

"मग बाहेरचा फोन घ्यायचाच नाही का हो, बाई?" इस्त्रीवाल्याने विचारलं. तो खजील होता. त्याच्या खिशातही एक झोपलेला होता.

"घ्या ना! बाहेरचा फोन काही पाप नाही. पण बघून घ्या. स्वतःचं सिम घालून बघा, विकणाऱ्याच्या समोर. वायफाय बंद करा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या नंबराला साधा फोन लावा. दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून लावा. कुलपातला फोन तिथेच उघडा पडतो."

"आणि कुलूप नसलं तर झालं?"

"नाही झालं. तिकडच्या फोनला इकडच्या टॉवरच्या सगळ्या लहरी पकडता येतीलच असं नाही. शहरात वाजतो, गावाबाहेर मुका. म्हणून मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन आपल्या कंपनीला विचारा, हा आपल्याकडे चालतो का म्हणून. मग स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. फोनचा स्वतःचा आकडा दिसतो. तो खोक्यावर असतो, पावतीवर असायला हवा. तिन्ही जुळले पाहिजेत. चोरीचा म्हणून नोंद झालेला असेल, तर आज चाललेला उद्या बंद पडेल."

"खोकंच नव्हतं ना," इस्त्रीवाला पुटपुटला. "आत्म्याला…"

"असतं! फोनला खोकंही असतं आणि पावतीही असते! आणि वॉरंटी इथे चालते का तिकडेच, तेही विचारायचं. नाहीतर काच फुटली की विमानाने पाठवा. चार्जरची पिनसुद्धा आपल्या भिंतीत शिरते का ते बघा. एवढं विचारल्यावर जो माणूस चिडतो, त्याच्याकडून भाजीही घेऊ नका!"

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता. त्यांनी वळून बघितलं. दादा टेबलाशी बसून खाली बघत होता. त्याने फोन समोर ओढला, नखाने कडा चाचपली, सुई मागितली. जिथे इतरांना डोळे लागतात तिथे त्याच्या बोटांना लागत नव्हते. सिम बाहेर आलं. बाईंनी पर्समधून बटणांचा जुना फोन काढला. दादाने सिम घातलं, पाठ लावली, बटण दाबून धरलं.

कुणीही पुटपुटलं नाही. फोन सुरू झाला. शिडी भरली. आणि लगेच टुण्, टुण्, टुण् असे संदेश येऊ लागले.

"वाच," दादा म्हणाला.

बाईंनी वाचलं. मग पुन्हा, मोठ्याने वाचलं. "रुग्णालयाचा फोन तीनदा येऊन गेलाय. आज सकाळी." पुढचा संदेश त्यांनी उघडला. "संपर्क न झाल्याने बुबुळ पुढील रुग्णास देण्यात येत आहे. आपली नोंद कायम आहे."

सकाळी. म्हणजे हॉल भरण्याच्या आधी. दादा फोन छातीशी धरून पहिल्या रांगेत जागा पकडायला निघाला होता तेव्हा.

वहिनीने तोंडात पदर कोंबला. ज्यांनी माना हलवल्या होत्या त्यांनी त्या खाली घातल्या. बाईंना खूप काही बोलायचं होतं, इतक्या दिवसांचं साठलेलं. 'मी सांगत होते' हे तीन शब्द जिभेच्या टोकावर आले होते. त्यांनी ते गिळले. ते आयुष्यातले सगळ्यात कडू शब्द निघाले.

दादाने जुना फोन हातात फिरवून बघितला. "नोंद कायम आहे ना?"

"आहे."

"मग चल, धाकटे. आत्ताच जाऊ. तुझाही नंबर घालून येऊ. मी स्वतः आलो की बदलतात म्हणालीस ना?" तो उठला आणि हात पुढे केला. "जिना कुठे आहे, दाखव."

गर्दीने वाट दिली. भाऊ-बहीण जिना उतरून गेले.

आता माझ्यासारखा सांगणारा म्हातारा इतकं तिखटमीठ लावून सांगतो, तर शेवटही गोड करील, असं तुम्हाला वाटलं असेल. राख उडाली ते मी वाढवून सांगितलं असेल, समुद्र खिळ्यासकट पडला तेही थोडं. पण दादाचं बुबुळ गेलं, त्यात पदरचं काही घालता येत नाही. ते वाया गेलं नाही. त्या दिवशी कुठल्या तरी घरात एक साधा फोन वाजला, कुणीतरी तो उचलला, दुपारपर्यंत पोचलं, आणि त्याला दिसू लागलं. मेलेल्या माणसाच्या दानाने जिवंत माणसाला उजेड मिळतो. चमत्कारच म्हणायचा, तर हा म्हणा. याचा हिशेब डॉक्टर तुम्हाला टप्प्याटप्प्याने समजावून सांगतील, डोळे मिटायला न सांगता. दादा अजून वाट बघतो आहे.

म्हणून हात जोडून एवढंच सांगणं : वस्तू परदेशी असो की देशी, माणूस पांढऱ्या बुटातला असो की अनवाणी, जे काम तो शेजारी उभा असतानाच होतं, ते तो लांब गेल्यावर होतं का, हे आधी बघा. 'जरा बाजूला व्हा, माझं मला तपासू द्या,' असं म्हणायला लाजू नका. खऱ्या वस्तूचं त्याने काही बिघडत नाही. आणि तपासण्यात गेलेला वेळ परत कमावता येतो. दादाची ती सकाळ नाही.